ताप, जुलाब, रात्रीची रड: दातांचं किती आणि बाकी कशाचं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नऊ महिन्यांचा, वजन साडेआठ किलो. खालचे दोन दात आलेत, वरची हिरडी फुगली आहे. तीन दिवस 101 च्या आसपास ताप, कालपासून दिवसाला सहा-सात वेळा पाण्यासारखी शी. रात्री तासातासाला उठतो, अंगावर पाजताना चावतो. सासूबाई म्हणतात दातांचं आहे, आपोआप जाईल. शेजारच्या काकूंनी दातांच्या गोळ्या दिल्यात. मोठी मुलगी अडीच वर्षांची, ती धड जेवत नाही आणि भावाला चावते. कुणाचं ऐकू?

आधी आजचं बोलू, दातांचं नंतर. तीन दिवस 101 ताप आणि पाण्यासारखे जुलाब हे दातांचं नाही. हिरडी फुगली असेल, दात येतही असेल, पण ही दोन कामं त्याची नव्हेत. बाळाला आजच जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणा. घाबरून पळायची वेळ नाही, पण "दोन दिवस वाट बघू" असंही करू नका, कारण या वयात अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

निघेपर्यंत घरी ओआरएस सुरू करा. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायची. लहान पुडी 200 मिलिलिटरची येते, ती तेवढ्याच पाण्यात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त घरांत मोठ्या पुडीतला चमचाभर ओआरएस वाटीभर पाण्यात कालवलेला असतो. त्यात मीठ-साखरेचं प्रमाण अंदाजपंचे होतं. पातळ झालं तर उपयोग नाही आणि दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढून बाळ आणखी सुकतं. केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धी ते एक छोटी वाटी, चमच्याचमच्याने पाजा. ओकला तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. दुकानात खोक्यात मिळणारी संत्र्याच्या चवीची गोड पेयं घेऊ नका. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरात बंदी घातली ती उगाच नाही. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात.

ओआरएससोबत झिंक लागतं. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा काढलेल्या अंगावरच्या दुधात विरघळते. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजा. मऊ वरणभात, खिमटी, केळं, जे खात होता ते चालू ठेवा. जुलाब लागले की पोटाला 'आराम' द्यायला उपाशी ठेवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. त्याने बाळ फक्त अशक्त होतं. शी थांबवायची मोठ्यांची गोळी तर चुकूनही देऊ नका.

टाळूकडे लक्ष ठेवा. टाळू खोल गेली की आपल्याकडे 'टाळू पडली' म्हणतात आणि तेल भरून ती वर यायची वाट बघतात. तेल घाला हवं तर, पण खोल गेलेली टाळू म्हणजे अंगात पाणी उरलं नाही. सहा-सात तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, बाळ मलूल आणि पाणी पाजताना गिळत नाही, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, थेट दवाखाना. शीत रक्त दिसलं तरी तेच. आणि बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतंय, मधल्या वेळात पांढरं पडून गप्प राहतंय, नंतर लाल जेलीसारखी शी झाली, तर आतडं आतड्यात गेलेलं असू शकतं. हे पहिल्या वर्षात जास्त होतं आणि त्यात तास मोजायचे असतात.

तापाचं औषध द्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात मुलं खरोखर अडचणीत येतात. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमच्या बाळाला एका वेळी 85 ते 125 मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. ड्रॉप्स असतील तर बहुतेक वेळा 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे याला 1 मिलिलिटर पुरे. पातळ सिरप असेल तर 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, त्याचे 4 ते 5 मिलिलिटर लागतात. तिसरी बाटली 5 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅमची, ती त्याच्या निम्मी. नाव तेच, खोक्याचा रंगही तोच, ताकद वेगळी. मोठ्या मुलीचं सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणले आणि सवयीने 5 मिलिलिटर दिले तर बाळाला एकदम 500 मिलिग्रॅम गेलं. हे एकदाच झालं तर कदाचित निभावेल, दोन दिवस दर सहा तासांनी झालं तर यकृतावर येतं. बाटलीवर पेनाने मोठ्या अक्षरांत मात्रा लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता आजोबांनी दिलं तरी चुकणार नाही. दोन मात्रांत सहा तास, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. अॅस्पिरिन नाही, आणि मेफेनॅमिक अॅसिड मिसळलेलं औषध स्वतःच्या मनाने नाही.

डॉक्टरांना आणखी एक विचारा: लघवी तपासायची का? जुलाब आहेत तेव्हा ताप बहुधा त्याचाच असेल. पण या वयात ताप आहे, सर्दी-खोकला नाही, घसा-कान ठीक आहेत, आणि दोन-तीन दिवसांत उतरत नाही, तर लघवीतला जंतुसंसर्ग शोधावाच लागतो. मोठ्या माणसासारखं 'जळजळ होतेय' असं बाळ सांगत नाही. ते फक्त तापतं, किरकिर करतं, खाणं टाकतं. सगळी लक्षणं दातांच्या नावावर अगदी बेमालूम खपतात. मूत्रपिंडावर डाग राहू शकतो, म्हणून हे निदान लांबणं मला सगळ्यात जास्त खटकतं.

आणि हो, नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस घेतली असेल तर तारीख बघा. ती लस दिल्यानंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान काही बाळांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळही येतं. लसीला आठवडा उलटून गेलेला असतो, त्यामुळे तो ताप कुणी लसीशी जोडत नाही. त्याचाही दोष दाताला.

आता सासूबाईंचं. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा. सहाव्या महिन्यापासून दात यायला लागतात, आणि त्याच सुमाराला तीन गोष्टी एकदम घडतात. गर्भात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्यापर्यंत बरीचशी संपते. उष्टावण होऊन वरचं अन्न सुरू होतं, म्हणजे वाटी-चमचा, पाणी, हात, सगळ्यांतून जंतूंना नवी वाट मिळते. आणि बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सापडेल ते तोंडात घालतं, हिरड्या शिवशिवत असल्या की आणखी जास्त. मग जुलाब लागणार, ताप येणार. सहा महिने ते अडीच वर्षं या काळात बाळाला कधीही काहीही झालं तरी तोंडात कुठला ना कुठला दात येतच असतो. वीस दात, दोन वर्षं. आरोपी कायम घटनास्थळी हजर असल्यासारखं आहे हे.

हा समज फक्त घरच्या बायकांचा नाही. अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथाच्या उत्तरस्थानात वाग्भटाने दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण म्हटलंय, त्यातही ताप आणि जुलाबांचा वेगळा उल्लेख आहे. गंमत म्हणजे तिथेच पुढे असंही सांगितलंय की दातांमुळे होणाऱ्या तक्रारींत बाळाला उपचारांनी फार जेरीस आणू नये, दात आला की त्या आपसूक शमतात. हा भाग मला आजही पटतो. युरोपातले डॉक्टर याच्या उलट वागले. त्यांनी शतकानुशतकं बाळांच्या हिरड्या चाकूने चिरल्या, आणि ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकापर्यंत दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याची पूड दिली जात होती. हातपाय गुलाबी होऊन सुजणारा एक आजार त्या पुडीमुळेच होतो हे कळल्यावर ती बाजारातून गेली आणि आजारही गेला.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक साधी पण कष्टाची गोष्ट केली. 125 बाळांच्या आईवडिलांना रोजच्या रोज तापमान आणि लक्षणं लिहायला सांगितली, कुठला दात कधी फुटला तेही. 2000 साली ते प्रसिद्ध झालं. दात फुटायच्या चार दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत, म्हणजे आठ दिवस, चावणं, लाळ, हिरड्या चोळणं, चिडचिड, चोखणं, कान चोळणं, जागं राहणं, घट्ट अन्न नको म्हणणं, गालावर पुरळ आणि अंग किंचित कोमट होणं एवढं वाढलेलं दिसलं. जुलाब, उलट्या, खोकला, 102 च्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध लागला नाही. नंतरच्या अभ्यासांतूनही साधारण हेच आलं. मी स्वतः रेघ 100.4 वर ओढते. थर्मामीटरने तेवढं किंवा त्याहून जास्त दिसलं की तो ताप आहे, आणि त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. हात लावून 'अंग गरम लागतंय' हे माप नव्हे.

म्हणजे दात येताना त्रास होतच नाही का? होतो. पण तोंडापुरता. खालचे मधले दोन बहुधा सहा ते दहा महिन्यांत, वरचे मधले आठ ते बारा, मग बाजूचे. पहिल्या दाढा 13 ते 19 महिन्यांत, सुळे त्यानंतर, आणि मागच्या दाढा 23 ते 33 महिन्यांत. पुढचे दात पातळ, धारदार, पटकन बाहेर येतात. दाढेला रुंद डोकं, ती जास्त छळते. पण पुढच्या दातांच्या वेळी घरात जेवढी धावपळ होते तेवढी दाढांच्या वेळी कुणी करत नाही, कारण त्या दिसतच नाहीत. एखाद्या वेळी येणाऱ्या दातावर हिरडीला निळसर-जांभळा फोड दिसतो. बघून जीव घाबरतो. ते दातावर साठलेलं थोडं पाणी किंवा रक्त असतं, दात वर आला की फुटून जातं. सुईने टोचू नका, दाबू नका.

वरचे दात आधी आले तर मामावर भारी, असं कुणी म्हणालं तर हसून सोडा. क्रम मागेपुढे होतो. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही तर मात्र दाखवा. बहुतेक वेळा आई किंवा वडिलांचेही दात उशिरा आलेले असतात, क्वचित थायरॉइड किंवा मुडदूस निघतो. दातांसाठी म्हणून कॅल्शियमचं सिरप देण्यात अर्थ नाही. हे दात गर्भातच तयार व्हायला लागलेले असतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब पहिलं वर्षभर रोज 400 युनिट द्यायचे, ते हाडांसाठी, आणि ते देत असाल तर चालू ठेवा.

लाळेचंही सांगते. ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळायला लागते तेव्हाही 'दात येतायत' म्हणतात, पण दाताला अजून दोन-तीन महिने असतात. लाळग्रंथी कामाला लागलेल्या असतात आणि बाळाला गिळायचं अजून नीट जमत नसतं, एवढंच. हनुवटी आणि मानेच्या वळ्या लाल होतात, त्यावर लाळ टिपून (घासून नको) खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्या. सुती लाळेरी दिवसातून चार-पाच वेळा बदला. झोपवताना गळ्यातलं लाळेरं काढा.

ज्या आजारांची सोंगं दातांसारखी असतात त्यातले दोन ओळखायला शिका. पहिला: सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार दिवस 103 पर्यंत ताप, बाळ मधूनमधून चक्क खेळतंय, आणि ताप उतरला त्याच दिवशी छाती-पाठीवर गुलाबी पुरळ. तोपर्यंत घरातल्यांनी दाताला दोष देऊन झालेला असतो. हा विषाणूचा ताप, आपोआप बरा होतो, पण तो तसाच आहे हे डॉक्टरांनी तपासून ठरवू द्या. दुसरा जास्त महत्त्वाचा. मागच्या पावसाळ्यात एका जवळच्या गावातून वर्षाची मुलगी आणली होती. चार दिवस काही खाल्लं नव्हतं, लाळ सारखी गळत होती, ताप होता, घरचे म्हणत होते दाढा येतायत. ओठ खाली ओढला तर हिरडी लालभडक, हात लागताच रक्त येणारी, जिभेवर आणि ओठाच्या आतून बारीक पांढरट फोड, तोंडाला वास. येणाऱ्या दाताची हिरडी तेवढ्या जागी फुगते, सगळी हिरडी सुजत नाही. हा हर्पिस विषाणूचा संसर्ग होता. बहुधा ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणीतरी प्रेमाने पापा घेतलेला असतो. अशा बाळाला गिळायलाच दुखतं, म्हणून पाणी कमी पडतं. पावसाळ्यात हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा आजारही फिरत असतो, तेव्हा तळहात, तळपाय बघायला विसरू नका.

कान ओढणं एकट्याने फारसं काही सांगत नाही. जबड्याची आणि कानाची नस जवळची, म्हणून दाढेच्या वेळी बाळं कान ओढतात. कान ओढतोय, सर्दी आहे, ताप आहे आणि आडवं केलं की जास्त रडतोय, असं एकत्र आलं तर कान तपासून घ्या.

आता हिरडी शिवशिवते तेव्हा काय करायचं. सगळ्यात कामाचं म्हणजे तुमचं स्वच्छ धुतलेलं बोट. नख कापलेलं हवं. फुगलेल्या जागी मिनिटभर घट्ट दाबून ठेवा, हलकं चोळा. पहिल्यांदा बाळ आडवंतिडवं होतं, मग स्वतःच तुमचं बोट हिरडीखाली ओढून घेतं. दुसरं, स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवून चावायला द्या, किंवा स्टीलचा गार चमचा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, हिरडी भाजल्यासारखी होते. चावायचं खेळणं घेतलंत तर आत पाणी भरलेलं नको, एकसंध रबराचं घ्या आणि रोज धुवा. जुलाबांचं एक मूळ त्या न धुतलेल्या खेळण्यातच असतं. चांदीचा खुळखुळा छान दिसतो, पण त्याचे घुंगरू सुटतात का बघा.

खारीक चावायला द्यायची जुनी रीत आहे. आजी शेजारी बसून, एक टोक हातात धरून देत असे तोवर ठीक होतं. आता खारीक बाळाच्या हातात आणि मोठी माणसं मोबाइलवर. भिजली की तिचा तुकडा निघतो आणि घशात बसतो. कच्चं गाजर, सफरचंदाची फोड, टोस्टचा कडक काठ यांचंही तसंच. एक दात आलेलं बाळ तुकडा पाडू शकतं, चावू शकत नाही.

टाकणखाराची लाही मधातून हिरडीला लावायची पद्धत तुमच्या भागात असेल तर ती ठामपणे बंद करा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्सच्या मिश्रणाने बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि एक वर्षाच्या आत मध नाहीच. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हिरडी बधिर करणारी जेल मेडिकलमध्ये सहज मिळते. बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नये असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2011 पासून सांगितलंय आणि 2018 मध्ये आणखी कडक शब्दांत. कारण तिने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते आणि बाळ निळं पडतं. लिग्नोकेनच्या जेलने झटके येऊ शकतात. शिवाय लाळेने ती दोन मिनिटांत वाहून जाते, घसा मात्र बधिर होतो.

काकूंच्या गोळ्या. मी यावर बोलले की लोक नाराज होतात, पण विचारलंय तर सांगते: देऊ नका. त्याच एफडीएने 2017 च्या जानेवारीत दात येण्याच्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या तेव्हा त्यात बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण काही वेळा लेबलवर लिहिल्याहून कितीतरी जास्त, आणि गोळीगणिक वेगळं निघालं. काकूंच्या डबीत तेच आहे असं मी म्हणत नाही. पण जी गोष्ट आठवड्यात आपोआप बरी होते तिच्यासाठी, आत काय आहे हे माहीत नसलेली गोळी कशाला? 'दिल्या आणि बरं वाटलं' हे खरंच असतं. न दिल्या तरी त्याच दिवशी बरं वाटलं असतं.

अंबर मण्यांच्या माळा हल्ली ऑनलाइन येतात, शहरातल्या शिकलेल्या घरांत जास्त. मण्यातून वेदना शमवणारं काही पाझरतं असं सांगतात. मणी सुटून गिळला जातो, किंवा झोपेत माळ गळ्याला आवळते. अशा माळेने दुपारच्या झोपेत गळा आवळून एक दीड वर्षाचं मूल गेल्यावर एफडीएने 2018 मध्ये इशारा दिला. आपला काळा दोरा, ताईत यांनाही हेच लागू. सासूबाईंना दोरा हवाच असेल तर कमरेला करदोटा बांधू द्या, गळ्यात नको. यावर घरात भांडण करण्यात हशील नाही.

चावण्याचं. बाळ दूध ओढत असतं तेव्हा जीभ खालच्या दातांवर असते, त्यामुळे ओढता ओढता चावता येत नाही. चावतो तो पोट भरत आल्यावर, किंवा सुरुवातीला हिरडी शिवशिवत असताना. म्हणून पाजण्याआधी गार फडकं चावायला द्या आणि ओढणं मंदावलं, इकडेतिकडे बघायला लागला की स्वतःच सोडवून घ्या. चावलाच तर झटक्याने मागे ओढू नका, जखम त्यानेच होते. त्याला आपल्याकडे जवळ दाबा, नाक थोडं दबलं की तोंड उघडतो. नाही तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवा. "नाही" एकदा, शांत आवाजात. मोठ्याने ओरडलात तर काही बाळं घाबरून पिणंच टाकतात आणि काहींना ती गंमत वाटते. दात आले म्हणून अंगावरचं सोडायची काहीच गरज नाही.

रात्रीचं सगळं दातांचं नाही हे तुम्हाला ऐकायला आवडणार नाही, पण तसंच आहे. नवव्या महिन्यात बाळाला कळतं की आई खोलीतून गेली तरी ती कुठेतरी आहे, आणि ती हवी असते. त्यात उभं राहायला शिकलेलं असतं, झोपेतही कठडा धरून उभं राहतं आणि खाली बसायचं कसं ते येत नाही. दातामुळे झोप बिघडली असेल तर ती चार-पाच रात्री. महिना महिना उठतोय तर कारण दुसरं. दात फुटायच्या दोन-तीन रात्री खूपच बेचैन असेल तर झोपताना पॅरासिटामॉलची एक मात्रा चालेल. रोज रात्री सवयीने नको. ग्राइपवॉटरची गरज नाही. आणि रात्र तुम्ही एकटीने का काढायची? पाजून झालं की पुढची थोपटाथोपटी बाळाच्या वडिलांनी करावी. त्यांना सकाळी ऑफिस असतं हे मला माहीत आहे. तुम्हालाही सकाळी उठायचंच असतं.

मोठीबद्दल. अडीच वर्षांच्या मुलीला याच वेळी मागच्या दाढा येत असतात, त्या बघा, पण भावाला चावण्याचं मुख्य कारण भाऊ आहे. घरातलं सगळं बोलणं त्याच्या शीबद्दल, त्याच्या दातांबद्दल चाललंय. तिच्याकडे शब्द अजून अपुरे आहेत. ती चावली की आधी चावलेल्याकडे जा, मग तिच्या उंचीला बसून एकच वाक्य: "चावायचं नाही, त्याला दुखतं." नंतर तिला जे म्हणायचं होतं ते तुम्ही शब्दांत द्या: "तुला बाहुली परत हवी होती ना? 'माझी आहे' असं म्हण." कुणीतरी सल्ला देईल की तिलाही एकदा चावून दाखवा म्हणजे कळेल. तिला एवढंच कळेल की मोठी माणसंही चावतात. कधी चावते ते दोन-चार दिवस बघा. जेवणाआधी भुकेजलेली असते तेव्हा जास्त, असं पुष्कळ घरांत दिसतं.

ती जेवत नाही म्हणता, तर वजन किती आणि दूध किती हे आधी बघा. पहिल्या वर्षात मूल सहा-सात किलो वाढतं, दुसऱ्यात दोन-अडीच किलो, त्यामुळे भूकच कमी होते. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध आणि मध्ये मध्ये बिस्किटं चालू असतील तर जेवणाला जागाच उरत नाही, वर रक्तातलं लोहही कमी होतं. आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर देतात, ते मिळतंय का विचारा. त्याने दात थोडे काळपट दिसतील, ते घासले की जातं. वाटी घेऊन मागे पळणं आणि मोबाइल दाखवून भरवणं थांबवा. पहिला आठवडा जड जातो.

पहिला दात आला त्या दिवसापासून घासायचं. मऊ छोटा ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथले असाल तर पेस्टबद्दल आधी दंतवैद्यांना विचारा. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं हे दात किडण्याचं सगळ्यात मोठं कारण, मुलगी अजून बाटलीने पीत असेल तर ती बंद करून कपावर आणा. 'दुधाचेच दात आहेत, पडणारच' म्हणून सोडू नका, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत वापरायच्या असतात. महिन्यातून एकदा दोघांचाही वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. त्या टप्प्यावर ती थांबवता येते, भोक पडल्यावर दात भरूनच घ्यावा लागतो.